दहा मिनिटांच्या सामन्यासाठी लातूरला

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळी सहाची वेळ. गिरणी सुरू करायची सोडून मी खाली सांडलेलं पीठ झाडून पोत्यात भरत होते. ज्वारी, गहू, डाळ, सगळ्याची मिसळ झालेलं धुळीचं पीठ. एरवी ते गल्लीतला म्हशीवाला नेतो. पण दोन आठवड्यांपासून ते आम्हाला लागतं. ज्या शाळेच्या मैदानावर आम्ही हॉकी खेळतो, तिथल्या शिपायानं फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी पूड, देणं बंद केलं. ‘साहेबांनी न्हाई म्हणलंय,’ एवढंच तो सांगतो. पीठ चालतं. फक्त मुंग्या येतात आणि गोलसमोरचा डी सकाळी आठपर्यंत चिमण्या खाऊन टाकतात.

पोतं मैदानाच्या जिन्याखाली टाकलं आणि स्टँडवर गेले. साडेसातची लातूर गाडी गाठायची होती.

आमचा क्लब तेरा बायकांचा. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. नांदेडात तरोडा नाक्याजवळ माझी पिठाची गिरणी आहे. खेळते फुल बॅकला, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून आलेला बॉल बाहेर हाकलायचा. शाळेत असताना खेळायची, मग लग्न, मग गिरणी. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा स्टिक धरली, त्याला सहा वर्षं झाली. बाकीच्यांत दोन शिक्षिका आहेत, एक नर्स, एक शिवणकाम करणारी, दोघी नुसत्या घरच्या. नुसत्या म्हणजे काय ते त्यांनाच विचारा.

लातूरला जायचं कारण सांगते. बुधवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं होतं. जानेवारीपासून मैदान सकाळी एका क्रिकेट अकॅडमीला द्यायचं चाललंय, म्हणाले. मी म्हटलं, सहा वर्षं आम्ही तिथं खेळतो.

‘ताई, तुम्ही खेळत नाही. तुम्ही व्यायाम करता. व्यायाम कुठंही होतो.’

मग जरा नरमून म्हणाले, कुठल्याही स्पर्धेत पूर्ण वेळचा सामना खेळल्याचा, पंचांच्या सहीचा एक तरी कागद आणा. सोमवारी शाळा समितीची बैठक आहे, तिच्यापुढे ठेवतो.

सहा वर्षांत आम्ही आपसांत खेळलो, कॉलेजच्या पोरींशी खेळलो, एकदा गणपतीच्या मंडळाच्या पोरांनाही हरवलं. कागद एकही केला नव्हता. त्याच आठवड्यात लातूरहून निरोप होता, तिथल्या स्पर्धेत रविवारी महिलांचा एक सामना ठेवलाय, नांदेडची टीम येईल का. मी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभी राहूनच ‘येतो’ म्हणून कळवलं.

नांदेड ते लातूर

पहिलं भांडण स्टँडवरच झालं. आमची गोलकीपर शहनाजभाभी, इतवाऱ्यात त्यांचं गाद्या-रजया भरून देण्याचं दुकान आहे. तिचे पायाचे पॅड नवऱ्यानं, सलीमभाईंनी, दुकानातच शिवले आहेत. आत ठासून कापूस, बाहेरून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं गादीचं कापड. विकतचे पॅड फोमचे असतात. त्यांच्यावर बॉल आपटला की लांब उडतो. शहनाजभाभीच्या पॅडवर तो जागच्या जागी मरतो, तिच्या पायाशी पडून राहतो. मग मी धावत जाऊन तो बाहेर काढायचा. आमचा सगळा बचाव या कापसावर उभा आहे.

कंडक्टरनं पॅड पाहिले. ‘ह्या गाद्यांचं लगेज लागंल, मावशी.’

‘गाद्या न्हाईत. पाय हायत माझे.’

‘पाय हायत तर अंगाला का न्हाईत?’

शहनाजभाभी गाडीच्या पायरीवर बसली, चपला काढल्या, सलवारीवरून दोन्ही पॅड चढवले, पट्टे आवळले आणि उभी राहिली. ‘आता सांग.’

गाडीतले लोक हसायला लागले. कंडक्टर म्हणाला, ‘बसा. पण वाटेत पाय पसरू नगा.’ ती अहमदपूर येईपर्यंत तशीच बसून होती, दोन खांबांसारखे पाय पुढे करून.

बहुतेक मधल्या वयाच्या अशा तेरा बायका पिशव्या घेऊन एकत्र निघाल्या की लोकांना एकच कारण सुचतं. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी वळून विचारलं, ‘तुळजापूरला का?’

उत्तर रेणुकानं दिलं. रेणुका आमची फॉरवर्ड, सव्वीस वर्षांची, हदगावकडच्या शेतकरी घरातली. ‘न्हाई आजोबा. लातूरला. हाणायला.’

‘कोणाला?’

‘बॉलला.’

आजोबांनी विचार केला. ‘मंग घरी सैपाक कोण करून राहिलं?’

‘ज्यांला भूक लागली ते.’

आजोबा तोंडाला रुमाल लावून बराच वेळ हसले. मग पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा पुडा काढून मागे दिला. मिठात उकडलेल्या शेंगा दातांनी सोलत आम्ही अहमदपूर गाठलं. इकडे रस्ता चढायला लागतो. गोदावरीकाठची सपाट काळी रानं मागे पडतात आणि माळ सुरू होतात. सोयाबीन कधीच निघालेलं, राहिलेल्या रानात तूर उभी, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. रेणुका खिडकीतून प्रत्येक रानाला नावं ठेवत होती. हिची तूर पातळ, ह्याच्यात तणच लई. आपलं रान सोडून दुसऱ्याच्या रानाला बरं म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही.

अहमदपूरला शहनाजभाभीनं पॅड काढून सीटवर ठेवले आणि भजी आणायला उतरली. परत आली तर एक बाई गाडीत चढली होती आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ पॅडवर गाढ झोपलं होतं. त्याला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. ते लातूरपर्यंत झोपलं आणि लातूर यायच्या आधी त्यानं जे करायचं ते केलं. डावा पॅड आतपर्यंत भिजला.

‘कापूस भिजला म्हणजे दगड झाला, मंगल,’ शहनाजभाभी मला म्हणाली. ‘सुकायला दोन उन्हं लागतेत. आपल्याला एकच हाय.’

लातूर, शनिवार

लातूरला कुणी खेळायला जात नाही, शिकायला जातात. स्टँडपासून आमच्या मुक्कामापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या आणि पाट्यांवर मुलांचे फोटो, खाली गुण. नांदेडमध्ये एवढे मोठे फोटो फक्त वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे लागतात. त्या मानानं लातूर बरं.

आमची सोय क्लासच्या मुलींच्या एका होस्टेलच्या हॉलमध्ये केली होती. तिथल्या मावशींनी आधी तेराच्या तेरा डोकी मोजली, मग तेरा बादल्या दाखवल्या. ‘एकीला एक. नळ आठव्या दिवशी येतो. तोंड धुतलेलं पाणी त्या टपात टाका, ते फरशीला लागतं.’ आमच्याकडे नळ चालू ठेवून बायका दारात गप्पा मारतात. मी लातूरकरांचं पाण्याचं हे शहाणपण घरी नेलं आहे, अजून कुणी ऐकलेलं नाही. शहनाजभाभीनं आपल्या बादलीतलं अर्धं पाणी पॅडवर घातलं, धुऊन पिळून गच्चीवर उलटा टांगला. मावशी म्हणाल्या, ‘हे काय, गादी का?’ शहनाजभाभीनं फक्त पॅड उन्हाकडे वळवला.

चारच्या सुमारास संयोजकांकडून एक जण छापील पत्रिका देऊन गेला. गुळगुळीत जाड कागद, वर मान्यवरांची नावं, दोन ओळी भरून. खाली कार्यक्रम. मी चष्मा लावून वाचला.

दुपारी तीन, मान्यवरांचे आगमन व सत्कार. साडेतीन, महिला खेळाडूंचा सत्कार, हळदीकुंकू व प्रदर्शनीय सामना, दहा मिनिटे. चार, पुरुषांचा अंतिम सामना.

हॉकीचा सामना साठ मिनिटांचा असतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. पत्रिकेवर हळदीकुंकू आणि सामना एकाच ओळीत होते आणि हळदीकुंकू आधी होतं.

मी मुख्य संयोजकांना फोन लावला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

‘ताई, नाराज होऊ नका. तुमचा मान ठेवलाय. साडी-चोळी हाय, नारळ हाय.’

‘मला सामना हवाय, अण्णा. पूर्ण वेळेचा. पंचांच्या सहीचा कागद न्यायचाय.’

‘अहो, वयाचा विचार करा. कुणाला काय झालं तर आमच्यावर येईल. दहा मिनिटंबी लई झाली. फोटो चांगले येतील.’

फोन ठेवून मी टीमला सांगितलं.  नर्सबाई म्हणाली, ‘दहा मिनिटांत तर माझा गुडघा गरमसुद्धा होत नाही.’

संध्याकाळी लातूरच्या टीमची कॅप्टन सविता भेटायला आली, डोक्यावर भलं मोठं पातेलं घेऊन. ती मूळची किल्लारीची. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात वाढली. तिथले रस्ते सरळ आणि रुंद, त्यांच्यावरच ती बॉल मारायला शिकली. अजूनही सामन्याला दोन जीपा बदलून येते. पातेल्यात निलंगा राईस होता. डाळ घातलेला, पिवळा, तिखट, वरून शेंगदाणे. इकडे तो सकाळी नाश्त्याला गाड्यावर उभं राहून खातात. शहनाजभाभीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘ही तर आपली तहारीच हाय. नाव बदललं फक्त.’ सविताला ते पटलं नाही. त्यावर दोघींचं चांगलं जुंपलं आणि पातेलं रिकामं झालं.

मग मी पत्रिका पुढे केली. सविता म्हणाली, ‘आमालाबी आजच कळलं. मागच्या साली आठ मिनिटं दिली होती. अण्णा म्हणतेत दोन वाढविली की.’

‘आणि तुम्ही खेळलात आठ?’

‘खेळलो.’ तिनं पातेल्याच्या कडेचा भात खरवडला. ‘घरी गेल्यावर पोरगी म्हणली, आई, तू तर घामबी न्हाई आणला.’

पंच कोण आहेत, मी विचारलं. उदगीरचे मठपती सर होते. शाळेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं पंचगिरी करणारे. सवितानं फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. 

‘बाई, मी शिट्टी मारली की खेळ सुरू होतो. मी मारली की संपतो. पत्रिका छापणाऱ्याचा मधे काय संबंध?’

‘म्हणजे तुम्ही साठ मिनिटं घ्याल?’

‘दोन्ही टीमा मैदानात असल्या तर घीन. आता माझं ऐका. पावणे तीनला पाहुणे यायचेत असं लिव्हलंय न्हवं?’

‘तीन.’

‘मंजी सव्वातीन. तुमी अडीचला मैदानात या. जेवणाच्या वक्ताला तिथं कुत्रं नसतंय.’

मला हा माणूस आवडला. बंड वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याला सामना वेळेत संपवायचा होता.

लातूर, रविवार

सकाळभर शहनाजभाभी गच्चीवर पॅडची बाजू बदलत बसली. बाराला हात लावून पाहिला तर वरून कोरडा, आतून गार. तिनं तसाच बांधला. ‘डावा पाय म्हातारा झाला आज,’ म्हणाली.

मैदान एका कॉलेजचं, लाल मुरमाचं. अडीचला तिथं खरंच कुणी नव्हतं. मंडपात खुर्च्या मांडणारे दोघे जण पंख्यासमोर झोपले होते. मठपती सर सायकलच्या दुकानात मिळते तसली शिट्टी गळ्यात घालून मधल्या रेषेवर उभे होते. पांढरा शर्ट, पँट पोटाच्या वर. दुसरा पंच कॉलेजातला एक तरुण शिक्षक. सरांनी घड्याळ बघितलं, तरुणालाही त्याचं बघायला लावलं, आणि शिट्टी मारली.

पहिली पंधरा मिनिटं आम्हाला काही सुधरलं नाही. आमचं नांदेडचं मैदान काळ्या मातीचं, तिथं बॉल अंगाबरोबर चालतो. मुरमावर तो खड्याला लागून गुडघ्याला येतो. सविता एकदा माझ्या डावीकडून गेली आणि मी वळेपर्यंत गोल झालेला होता. दुसऱ्या भागात रेणुकानं फेडला. डीच्या कडेवर तिला बॉल मिळाला, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. एक-एक.

मधल्या सुट्टीत आम्ही मीठ-साखरेचं पाणी प्यायलो. अर्धा सामना झाला होता, तीस मिनिटं. मागच्या साली इथं आठ झाली होती.

तिसरा भाग अर्धा झाला तेव्हा गाड्या आल्या. मंडपात एकदम माणसं उभी राहिली, भोंग्यातून गाणं सुरू झालं आणि लगेच बंद झालं. अण्णा मैदानाकडे बघत होते. मग आवाज आला, ‘महिला भगिनींनी सत्कारासाठी मंचाकडे यावं ही नम्र विनंती.’ बॉल तेव्हा माझ्या स्टिकवर होता. मी तो रेणुकाकडे मारला.

‘भगिनींनी खेळ थांबवावा.’

भगिनी पळत होत्या.

इकडे एक रीत आहे. प्रमुख पाहुण्यानं बॉल मारून उद्घाटन केल्याशिवाय स्पर्धेचा शेवटचा दिवस सुरू झाला असं धरत नाहीत. त्यामुळे पाहुणे, त्यांच्या मागे दहा-बारा माणसं, फोटोवाला आणि हार घेतलेला एक जण असे सगळे चालत मैदानाच्या मध्यावर आले. मठपती सरांनी शिट्टी मारून घड्याळ थांबवलं. पाहुण्यांना नवी कोरी स्टिक दिली. त्यांनी ती क्रिकेटच्या बॅटसारखी धरली आणि फिरवली. बॉल तिथंच राहिला, मुरूम उडाला. फोटोवाला म्हणाला, ‘साहेब, अजून एकदा.’ दुसऱ्या वेळी बॉल हात-दोन हात सरकला आणि टाळ्या झाल्या.

अण्णा सरांना म्हणाले, ‘झालं, सर. आता घ्या संपवून.’

‘बावीस मिनिटं राह्यलीत.’

‘सर, दहाच मिनिटांचा हाय हा. पत्रिकेत लिव्हलंय.’

‘पत्रिका मी लिव्हली न्हाई,’ सर म्हणाले. ‘मैदानावरची माणसं बाहीर घ्या.’

अण्णा माझ्याकडे वळले. ‘ताई, पाहुण्यांसमोर शोभतं का हे?’

मी म्हटलं, ‘तेरा जणी घरचं मार्गी लावून, गाडी धरून आल्यात अण्णा. साडी मला नांदेडात मिळते. बावीस मिनिटं मिळत नाहीत. तुम्ही सावलीत बसा, चारच्या आत मैदान मोकळं करून देते.’

सविता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती लातूरकडून खेळणारी, तिला उद्या याच माणसांच्या दारात जायचं होतं. ती म्हणाली, ‘अण्णा, सरका. पास माझाय.’

अण्णा सरकले. पाहुणेही गेले, जाता जाता त्यांनी सरांना नमस्कार केला. शिट्टी झाली.

भोंगा काही गप्प बसला नाही. ‘महिलांचा सामना संपला असून’ असं दर दोन मिनिटांनी सांगत राहिला आणि आम्ही खेळत राहिलो. शेवटच्या भागात अंतिम सामन्याची पोरं अंग मोकळं करायला आत शिरली, चार-पाच जण थेट आमच्या डीमध्ये. मी त्यांना म्हटलं, ‘बाजूला व्हा, न्हाईतर नडगीला लागंल.’ एकजण हसला. तेवढ्यात लातूरच्या एकीनं मारलेला बॉल त्याच्या बुटाजवळून सणकन गेला. पोरं बाहेर गेली, आणि गेली ती बसून बघायलाच लागली.

माझी चूक यानंतरची. हळदीकुंकवासाठी आलेल्या तीन बायका ताटं घेऊन कधीच्या रेषेवर उन्हात ताटकळल्या होत्या. मैदानाच्या त्या टोकाला एकच खेळाडू त्यांना जागेवर उभी दिसली, ती गोलमधली शहनाजभाभी. त्या गोलच्या बाजूनं तिच्याजवळ गेल्या.

‘ताई, टोपलं काढा जरा. कुंकू लावते.’ टोपलं म्हणजे हेल्मेट.

‘नक्को आत्ता. टोपलं काढलं आणि बॉल कपाळात बसला तर कुंकवाची गरजच पडायची न्हाई.’

मी मागे वळून ओरडले, ‘अहो काकू, आधी रेषेच्या बाहेर व्हा.’ त्या बिचाऱ्या झाल्याही. पण तेवढ्यात सवितानं मारलेला बॉल आला, शहनाजभाभीच्या डाव्या पायाला लागला आणि नेहमीसारखा तिथंच मेला. तो काढायला मी तिथं असायला हवं होतं. माझं तोंड काकूंकडे होतं. भाभीनं पाय उचलायला बघितलं, ओला पॅड उचलेना. सविता आली आणि तिनं तो सहज आत ढकलला. दोन-एक.

शहनाजभाभी म्हणाली, ‘मंगल, कुंकवाचं मी बघत होते की. तू बॉलचं बघायचं.’ मी बॉल मधल्या रेषेकडे मारला.

राहिलेली सहा मिनिटं आम्ही दोन पेनल्टी कॉर्नर मिळवले आणि दोन्ही घालवले. सरांनी शेवटची शिट्टी मारली तेव्हा चारला पाच मिनिटं होती. आम्ही हरलो. सविता गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, घाम नाकावरून खाली मुरमात पडत होता. फोटोवाल्याला हाक मारून तिनं त्याचा फोटो काढायला लावला, पोरीला दाखवायला.

काकूंनी मग एकेकीला ओळीनं कुंकू लावलं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. ते कळल्यावर पहिलीचा हात थांबला. मागच्या म्हातारीनं तो ताटासकट पुढे लोटला, म्हणाली, ‘लाव गं. येवढं पळालीया, तिला का सोडतीस.’ शहनाजभाभीनं कुंकवाला हात जोडले आणि नारळ घेतला. नारळ सगळ्यांनीच घेतले. नारळाशी आमचं भांडण नव्हतं.

मग मी टेबलाशी गेले आणि निकालाचा कागद मागितला. अण्णांनी कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. ‘प्रदर्शनीय सामन्याला शीट नसतं, ताई.’

‘साठ मिनिटं खेळलोय.’

‘ते तुम्ही खेळलात. आम्ही ठेवला दहाचाच.’

मी भांडायला पदर खोचणार होते, म्हणजे टी-शर्टच. पण मठपती सर खुर्ची ओढून बसले. त्यांनी माझ्या पिशवीतून ती जाड पत्रिका मागून घेतली, पालथी घातली आणि कोऱ्या पाठीवर लिहायला लागले. शाळामास्तरांचं अक्षर. नांदेड, लातूर, दोन्हीकडच्या खेळाडूंची नावं, कोणत्या मिनिटाला कुणाचा गोल, चारही भागांची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. मधे एक ओळ, ‘उद्घाटनासाठी खेळ पाच मिनिटे थांबविला.’ खाली दोन पंचांच्या सह्या, दोन कॅप्टनांच्या सह्या, माझी आणि सविताची. सवितानं सही करताना पेन इतकं दाबलं की पलीकडे एका मान्यवराच्या नावावर वळ उठला.

पुरुषांचा सामना चार वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. उशिराची वीसच्या वीस मिनिटं भाषणांत गेली.

नारळ आम्ही परतीच्या गाडीत फोडून खाल्ले. पॅडबद्दल या कंडक्टरनं काही विचारलं नाही.

नांदेड, सोमवार

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी मैदानावर होते. मांड्या दगड झाल्या होत्या. तेरापैकी नऊजणी आल्या, शहनाजभाभी पॅडशिवाय, कारण ते सलीमभाईंनी उसवून कापूस पिंजायला घेतले होते. मैदानाच्या एका टोकाला रविवारी कुणीतरी चार बांबू रोवून गेलं होतं, क्रिकेटच्या जाळीसाठी. नेमके आमच्या डीमध्ये. आम्ही ते उपटले, मोडले नाहीत, भिंतीला नीट उभे करून ठेवले. मग मी जिन्याखालून पोतं ओढलं आणि दोरी धरून पिठाचा डी मारला. पहिली चिमणी सव्वासहाला आली.

सातला मुख्याध्यापक आले. मी स्टिकसकट त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि पत्रिका टेबलावर ठेवली. त्यांनी आधी छापील बाजू वाचली.

‘यात तर दहा मिनिटे लिहिलंय, ताई.’

‘उलटा.’

त्यांनी उलटली. सगळं वाचलं, नावंसुद्धा. वेळांवरून बोट फिरवलं आणि मनात बेरीज केली.

‘शिक्का नाहीये याच्यावर.’

‘संयोजकांनी दिला नाही. त्यांचं नाव पुढच्या बाजूला छापलेलं आहे, सही पंचांची मागे आहे. शंका असेल तर नंबर देते, मठपती सरांना फोन करा. ते शिकवतील तुम्हाला.’

ते जरा हसल्यासारखे झाले. ‘हरलात की.’

‘हो. व्यायामात हरता येत नाही, सर.’

त्यांनी पत्रिका फायलीत ठेवायला घेतली. मी ती काढून घेतली आणि झेरॉक्स दिली. ती मी आदल्या रात्री गाडीतून उतरल्यावर स्टँडजवळच्या दुकानातून काढून घेतली होती. अकराला बैठकीत ठेवतो, पण शब्द देत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, शब्द नको, जानेवारीतही साडेपाचला फाटक उघडं ठेवायला सांगा. नसलं तर भिंत छातीएवढीच आहे.

बाहेर आले तेव्हा शिपाई भिंतीला लावलेले बांबू बघत उभा होता. डीची डावी बाजू चिमण्यांनी जवळजवळ संपवली होती. पोत्यात अर्धं पीठ उरलं होतं. मी ती बाजू पुन्हा मारली, पोत्याचं तोंड बांधलं आणि मंगळवारसाठी जिन्याखाली ढकलून गिरणी उघडायला गेले.